जुन्या गाडीला नवे कान

१९२०च्या दशकात अमेरिकेत मुलांसाठी एक खेळणं मिळायचं, ‘रेडिओ रेक्स’ नावाचं. कुत्र्याचं छोटं घर आणि त्यात सेल्युलॉइडचा कुत्रा. समोर बसून ‘रेक्स!’ अशी हाक मारली की कुत्रा टुणकन बाहेर यायचा. आत होतं काय? एक बॅटरी, एक विद्युतचुंबक, एक स्प्रिंग आणि धातूची एक हलकी पट्टी. चुंबक कुत्र्याला स्प्रिंगच्या जोराविरुद्ध आत धरून ठेवी. मोठ्या माणसाने ‘रेक्स’ म्हटलं की त्यातल्या ‘ए’ या स्वरात सेकंदाला ५००च्या आसपास कंपनांचा जोर असतो. नेमक्या त्याच कंपनांनी ती पट्टी थरथरायची, विजेचा मार्ग क्षणभर तुटायचा, चुंबकाची पकड सुटायची आणि स्प्रिंग कुत्र्याला बाहेर ढकलायची. लहान मुलांच्या आवाजात हा जोर वरच्या कंपनांकडे सरकलेला असतो. म्हणजे खेळणं ज्यांच्यासाठी, त्यांचंच ऐकायला कुत्रा जरा नाखूश!

शब्द, अर्थ, भाषा यांतलं काहीही त्या कुत्र्याला कळत नव्हतं. हवेतल्या थरथरीने विजेचा एक मार्ग तुटत होता, इतकंच. आज आपण फोनशी, टीव्हीशी, गाडीशी बोलतो तेव्हाही साखळीच्या शेवटच्या टोकाला कुठेतरी दोन तारा जोडल्या जातात किंवा सुटतात. आणि म्हणूनच एक खुळी वाटणारी गोष्ट शक्य आहे: २०००च्या आसपासची एखादी झेन किंवा वॅगन आर, जिच्या एसीला संगणकाचा वाराही लागलेला नाही, तिला ‘वारा वाढव’ म्हटल्यावर वारा वाढवायला शिकवणं.

अशा गाडीत एसीचा सगळा कारभार चार-पाच वस्तूंवर चालतो. ब्लोअरची फिरकी. थंड-गरमची दांडी. वारा तोंडावर, पायांवर की काचेवर सोडायचा ते ठरवणारी दुसरी दांडी. बाहेरची हवा आत घ्यायची की आतलीच फिरवत ठेवायची यासाठी आणखी एक. आणि एसीचं बटण. नव्या गाड्यांत ही कामं आतले संगणक एकमेकांना निरोप पाठवून करतात आणि त्यांच्या संभाषणात तिऱ्हाइताने तोंड घातलेलं त्यांना खपत नाही. जुन्या गाडीत प्रत्येक बटणामागे दोन वायरी आहेत, प्रत्येक दांडीमागे एक केबल. गाडीचं जुनेपण इथे चक्क सोयीचं ठरतं.

आधी ते एसीचं बटण. ते दाबल्यावर नेमकं काय होतं?

बोनेटखाली इंजिनाच्या पट्ट्यावर कॉम्प्रेसरची पुली फिरत असते, एसी बंद असतानासुद्धा. पुली फिरते, पण आतला दांडा स्थिर असतो. बटण दाबलं की पुलीमागच्या तांब्याच्या गुंडाळीत वीज जाते, तिचं चुंबक होतं आणि ते समोरची लोखंडी चकती ‘टक्’ करून ओढून घेतं. आता पुली आणि दांडा एक झाले. हा तो क्लच. ही साधी वाटणारी सोय सुरुवातीला नव्हती. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४०च्या मॉडेलांमध्ये कारखान्यातूनच एसी बसवून द्यायला सुरुवात केली. त्यात थंडाव्याचा मोठा भाग डिकीत होता, आणि कॉम्प्रेसर बंद करायचा तर इंजिन थांबवून, बोनेट उघडून हाताने पट्टा काढावा लागे. ज्या माणसाने तो पट्टा काढला असेल त्याला ‘एसी बंद’ हे दोन शब्द पुरेसे झाले असते तर काय वाटलं असतं!

कॉम्प्रेसर फिरू लागला की पुढचं काम गॅसचं. आपल्या जुन्या गाड्यांत बहुधा आर-१३४ए हा गॅस असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांवरच उकळतो. डॅशबोर्डच्या मागे, मेकॅनिक ज्याला कूलिंग कॉइल म्हणतात, तिथे तो दाब कमी झाल्यामुळे उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता आसपासच्या हवेतून खेचतो. माठातलं पाणी बाष्प होताना माठाला गार करतं, तोच न्याय. फक्त इथे वाफ झालेला गॅस उडून जात नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबून पुढच्या जाळीत, कंडेन्सरमध्ये पाठवतो, तिथे तो उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होतो. उन्हाळ्यात उभ्या गाडीखाली जे पाणी ठिबकतं ते या कॉइलवर हवेतून जमलेलं बाष्प. त्या पाण्याचं पुढे काम आहे, पावसाळ्यात.

आता गंमत अशी की बटणापासून क्लचपर्यंतची वाट सरळ नाही. ब्लोअर चालू आहे का? कूलिंग कॉइल गोठायला आलेली नाही ना? गॅसचा दाब फार कमी किंवा फार जास्त तर नाही? या प्रत्येक प्रश्नासाठी एकेक स्विच आहे, आणि ते सगळे एकामागोमाग एकाच वायरीत ओवलेले असतात. त्यांतल्या एकाने जरी नाही म्हटलं तरी क्लच लागत नाही. इथे कुठेही संगणक नाही, तरी यंत्र अतिशय शहाण्यासारखं वागतं. दाबाच्या स्विचचंच बघा. गॅस गळून कमी झाला तर तो कॉम्प्रेसर चालू देत नाही. कारण कॉम्प्रेसरचं वंगणाचं तेल गॅसबरोबरच फिरत असतं. गॅस नाही तर तेल नाही, आणि तेलाशिवाय चाललेला कॉम्प्रेसर थोड्याच वेळात जाम होतो.

म्हणून आवाज ऐकून हुकूम पाळणाऱ्या आपल्या बोलक्या, म्हणजे खरं तर ऐकत्या, डब्याने या साखळीत फक्त बटणाची जागा घ्यायची. उत्साहाच्या भरात डब्यातून थेट क्लचला वायर नेणारे लोक असतात. आवाज ऐकून क्लच लागतोसुद्धा. पण मग कॉइलवर बर्फ चढतो, वारा अडतो, आणि एखाद्या दिवशी कॉम्प्रेसरचं बिल येतं. जुन्या वायरिंगमधलं शहाणपण जसंच्या तसं ठेवून तिच्या एका टोकाला नुसतं बोट लावायचं, यातच या कामाची सगळी अक्कल आहे असं माझं मत.

बोटही नाजूक असतं. ऐकणाऱ्या चिपच्या पायातून ३.३ व्होल्ट आणि काही मिलीअँपिअर एवढीच वीज बाहेर येते. क्लचला ३-४ अँपिअर लागतात, ब्लोअर पूर्ण जोरात असला तर १५-२०. मधलं अंतर रिले भरून काढतो: छोट्या विजेने छोटं चुंबक, चुंबकाने मोठ्या विजेचा संपर्क. (रेक्सच्या घरातलं यंत्र आणि हे यंत्र यांत नातं किती जवळचं आहे!) रिलेच्या गुंडाळीला उलटा डायोड जोडायला विसरायचं नाही. गुंडाळीची वीज अचानक तोडली की ती जाता जाता उलट्या दिशेने व्होल्टेजचा मोठा झटका देते आणि चिप मरते.

गाडीतली वीजही तितकीशी सभ्य नसते. बारा व्होल्ट हे नाव. सेल्फ मारताना ती सहा-सात व्होल्टपर्यंत कोसळते. चालू इंजिनात बॅटरीची वायर सैल झाली तर ऑल्टरनेटर क्षणभर कित्येक पट व्होल्टेज सोडतो. त्यामुळे डब्याच्या तोंडाशी फ्यूज, असे झटके गिळणारा डायोड आणि व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट असावंच लागतं. आणि डबा डॅशबोर्डवर उन्हात ठेवायचा नाही. बंद गाडीत एप्रिलच्या दुपारी तिथे हात टेकवत नाही. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, सावलीत, त्याला बरं वाटतं.

ब्लोअरची कथा आणखी मजेदार. जुन्या गाडीतल्या चार वेगांसाठी चार मोटरी नसतात, मोटर एकच. पहिल्या तीन वेगांना वीज आधी तारेच्या वेटोळ्यांतून जाते, त्यांत काही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते आणि उरलेली मोटरला मिळते. एकवर सगळी वेटोळी, दोनवर त्याहून कमी, चारवर एकही नाही. तापणारी ही वेटोळी ठेवली कुठे आहेत? ब्लोअरच्याच वाऱ्याच्या वाटेत! ज्या मोटरचा वेग ती कमी करतात तीच त्यांना गार ठेवते. वेटोळं जळलं की ‘ब्लोअर फक्त चारवरच चालतो’ अशी तक्रार घेऊन लोक गॅरेजला येतात, ती याचमुळे: चौथ्या वेगाची वाट वेटोळ्यांतून जातच नाही.

या वेटोळ्यांच्या टोकांना फिरकीच्या बरोबरीने आपले रिले जोडले की एक छान वागणूक आपोआप मिळते. फिरकी दोनवर असेल तर डबा वारा तीन-चार करू शकतो, पण दोनच्या खाली आणू शकत नाही, कारण विजेला कमी अडथळ्याची वाट मिळाली की वेग तिचाच. फिरकी शून्यावर ठेवली तर सगळा अधिकार डब्याचा. आणि डबा बिघडला, तर फिरकी फिरवा, गाडी पूर्वीसारखीच. फक्त एक जबाबदारी डब्यावर येते. अनेक गाड्यांत ‘ब्लोअर चालू आहे’ ही खबर एसीच्या बटणाला फिरकीकडूनच जाते. फिरकी शून्यावर असताना ती खबर डब्याने द्यायची, आणि ब्लोअर बंद असताना चुकूनही द्यायची नाही.

राहिल्या दांड्या. त्यांच्यामागे पोलादी तारेची केबल असते, वेटोळ्याच्या नळीत सरकणारी. अर्नेस्ट बोडेन यांनी १८९६ साली पेटंट घेतलेली ही युक्ती सायकलच्या ब्रेकमध्ये सगळ्यांनी पाहिलेली असते. ती दांडी हलवली की डॅशबोर्डच्या पोटातली एखादी झडप उघडते किंवा मिटते. आवाजाने हे करायचं तर झडपेशी छोटी सर्वो मोटर बसवावी लागते, आणि मोटर बसली की हाताने दांडी हलवताना ती आडवी येते. महाराष्ट्रातल्या गाड्यांत थंड-गरमची दांडी वर्षातले बहुतेक महिने पूर्ण थंडवरच पडून असते. तिच्या नादी लागू नये. काचेवर वारा सोडणारी झडप मात्र कष्ट घेण्याजोगी आहे.

हात झाले. आता कान.

मायक्रोफोन म्हणजे सिलिकॉनमध्ये कोरलेला मिलिमीटरभर पडदा. त्याच्या मागे, केसाच्या जाडीपेक्षा कमी अंतरावर, दुसरी स्थिर पाटी. तुम्ही बोललात की पडदा थरथरतो, दोघांतलं अंतर बदलतं, त्यासरशी तिथे साठणारी वीज बदलते. हा बदल सेकंदाला १६,००० वेळा मोजला जातो. म्हणजे ‘वारा वाढव’ एवढं म्हणेपर्यंत चिपच्या हाती सोळा हजार आकडे आलेले असतात, आणि त्यांत ‘व’ कुठे, ‘रा’ कुठे, हे डोळ्यांनी बघून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मग चिप एक युक्ती करते. एका सेकंदाचे ३०-३० मिलिसेकंदांचे तुकडे पाडते, प्रत्येक तुकडा आधीच्यापासून २० मिलिसेकंद पुढे सरकवलेला. असे ४९ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यात खालच्या सुरांपासून वरच्या सुरांपर्यंत ४० पट्ट्यांत किती किती जोर आहे ते मोजते. या पट्ट्या सारख्या रुंदीच्या नसतात. खालच्या सुरांना बारीक, वरच्यांना रुंद, कारण आपला कानही खालच्या सुरांतले फरक बारकाईने ओळखतो आणि वरच्यांत ढिलाई करतो. ४९ गुणिले ४० म्हणजे १,९६०. सोळा हजार आकड्यांतून दोन हजारांहून कमी उरले, आणि हे आकडे चौकटीत मांडून उजेड-अंधारात रंगवले तर एक चित्र दिसतं. ‘श’ आणि ‘स’चे वरच्या बाजूला पसरलेले ढग, ‘आ’चे खालचे ठळक पट्टे, ‘ब’च्या आधी ओठ मिटल्यामुळे पडलेली काळी फट. बोलणं दिसायला लागतं.

ऐकण्याचा प्रश्न असा बघण्याचा झाला की उरलेलं काम चित्र ओळखणाऱ्या छोट्या न्यूरल नेटवर्कचं. दोन-तीन शब्द ओळखणारं नमुन्यादाखलचं नेटवर्क १८ किलोबाइटांत मावतं. फोनवर येणारा ‘सुप्रभात’चा एखादा फोटो त्याच्या कितीतरी पट असतो! १९५२ साली बेल लॅब्जने ‘ऑड्री’ नावाचं यंत्र बनवलं होतं, शून्य ते नऊ हे आकडे ओळखणारं, तेही एका ठरावीक माणसाच्या तोंडचे. त्याची मांडणी सहा फूट उंच होती. १९६२च्या सिअ‍ॅटल जागतिक प्रदर्शनात आयबीएमने ‘शूबॉक्स’ मांडला. तो १६ शब्द ओळखायचा. आपल्या जुन्या गाडीच्या एसीला सोळाही लागत नाहीत. त्या काळातल्या सगळ्यात हुशार प्रयोगशाळांचं जे काम होतं ते आता हजारएक रुपयांच्या पट्टीवर होतं, आणि त्याला इंटरनेट लागत नाही. घाटात रेंज गेली तरी तुमचा शब्द गाडीतून बाहेर न पडता गाडीतच कळतो.

मला वाटायचं, अवघड भाग इथे संपला. खरं तर तो इथे सुरू होतो. तुम्ही म्हटलेला शब्द ऐकू येणं जमवता येतं. तुम्ही न म्हटलेला ऐकू न येणं महाकठीण.

हिशोब करून बघा. चिप दर २० मिलिसेकंदांनी नवं चित्र बघते. सेकंदाला ५० चित्रं, तासाला १,८०,०००. लाखात एकदाच चुकणारं नेटवर्क कुणालाही उत्तम वाटेल, पण ते पुणे-कोल्हापूर प्रवासात दर तासाला जवळजवळ दोनदा कुणी न सांगता काहीतरी करून बसेल. आणि त्या तासांत गाडीत काय काय चालू असतं! मागे मुलांची भांडणं, पुढे नात्यातल्या लग्नाची चर्चा, विविध भारती, टोल नाक्यावरची हुज्जत, टपावर आपटणारा पाऊस. या सगळ्यातून डब्याने गप्प बसायचं आहे.

म्हणून दोन पायऱ्या करतात. आधी एक जागं करणारी हाक, आणि ती ऐकू आल्यावर तीन-चार सेकंद हुकुमांची वाट बघणं. हाक लांब हवी, तिच्यात वेगवेगळी स्वर-व्यंजनं हवीत आणि ती रोजच्या बोलण्यात नको. मराठी घरात ‘अहो’ ही हाक ठेवली तर एसीला डुलकीसुद्धा मिळणार नाही. ‘बंद’ एकटाच ठेवला तर मुलांना ‘बंद करा ते!’ म्हटल्यावर गाडी गरम होईल. ‘गारवाबाई’ चांगली हाक आहे: पाच अक्षरं, ओठ-जीभ-घसा सगळ्यांना काम, आणि या नावाची आत्या बहुधा कुणाला नसते. पुढचे हुकूमही निवडून घ्यायचे. ‘थंड’, ‘थांब’ आणि ‘थोडं’ एकत्र नकोत. तिन्हींची सुरुवात एक, आणि शेवट रस्त्याचा आवाज खाऊन टाकतो. ‘वारा वाढव’, ‘वारा कमी’, ‘एसी लाव’, ‘एसी बंद’, ‘काच पूस’ पुरे होतात.

तयार मिळणारी छोटी नेटवर्कं मुख्यतः इंग्रजी किंवा चिनी शब्दांवर शिकलेली असतात. गूगलच्या पीट वॉर्डन यांनी २०१८ साली खुला केलेला शब्दसंग्रह प्रसिद्ध आहे: ३५ इंग्रजी शब्द, २,६१८ माणसं, एकेका सेकंदाची १,०५,८२९ ध्वनिमुद्रणं. मराठीसाठी मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’मध्ये लोकांनी दान केलेलं बोलणं आहे, पण त्यात पूर्ण वाक्यं आहेत, ‘गारवाबाई’ त्यात कुठून असणार? ती आपणच गोळा करायची. घरातल्या प्रत्येकाकडून, आजोबांच्या घोगऱ्या आवाजात, सर्दीत, घाईत, कंटाळून. आणि त्याहून मोठं गाठोडं नको असलेल्या आवाजांचं: गप्पा, गाणी, हॉर्न, पाऊस. कशाकडे दुर्लक्ष करायचं हे नेटवर्कला शिकवायला जास्त सामान लागतं.

मुद्रण चालत्या गाडीतच करायचं, दुसरं कुणी चालवत असताना. त्याला कारण आहे. एत्यँ लोम्बार या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ साली दाखवून दिलं की गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. आणि नुसता चढवत नाही: सूर वर जातो, स्वर लांबतात, जोराची विभागणी बदलते. बैठकीत शांतपणे म्हटलेला ‘वारा कमी’ आणि हायवेवर ब्लोअर चारवर असताना म्हटलेला ‘वारा कमी’ यांची चित्रंच वेगळी. घरात शिकलेला डबा गाडीत बहिरा होतो तो यामुळे.

वर ब्लोअरचा पेच. ज्या वाऱ्याला तुम्ही कमी करू पाहता, तोच तुमचा शब्द झाकतो. वारा जितका जास्त तितकी कमी करण्याची गरज जास्त आणि ऐकू येण्याची शक्यता कमी. यावरची तोड मला फार आवडते: फिरकी शून्यावर ठेवलेली असली की ‘गारवाबाई’ ऐकू येताच डबा आधी ब्लोअर एकवर आणतो, तीन सेकंद कान देतो, आणि मग सांगितलं तसं करतो. हाक ऐकल्यावर हातातलं काम थांबवून मान वर करायची रीत यंत्राला शिकवली की तेही सभ्य वाटू लागतं.

दुसरी तोड दोन मायक्रोफोनांची. टपावरच्या दिव्याजवळ ते ६ सेंटिमीटर अंतराने बसवले, तर उजवीकडून आलेला आवाज उजव्याला आधी पोचतो. किती आधी? आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. दोन मोजण्यांमधल्या वेळात तो जेमतेम २१ मिलिमीटर सरकतो. म्हणजे दोन कानांत फार तर तीनएक मोजण्यांचा फरक. एवढ्यावरून चिप ओळखते की बोललं कोण, चालक की शेजारचा, आणि त्या दिशेचा आवाज ठळक करून बाकीचा मागे ढकलते.

आता ते पाणी, आणि ‘काच पूस’. हा एकच हुकूम जुन्या गाडीत खरोखर उपयोगाचा आहे, आणि तोच सगळ्यात फसवा.

जुलैत आंबोलीचा घाट चढताना गाडीत चार माणसं, भिजलेल्या छत्र्या, काचा बंद. प्रत्येक माणूस श्वासातून आणि घामातून तासाला पन्नासएक ग्रॅम पाणी हवेत सोडत असतो. बाहेरच्या पावसाने काच गार, आतली हवा ओलसर. काचेच्या आतल्या बाजूवर दव बसतं. इथे हवी कोरडी हवा, आणि ती मिळते कूलिंग कॉइलवरून. हवेतलं बाष्प तिच्यावर जमून गाडीखाली ठिबकतं, उरलेली कोरडी हवा काचेवर जाते. म्हणून ‘काच पूस’ म्हणजे थंडीची गरज नसतानाही एसी लावणं, वारा काचेकडे वळवणं, आणि आतलीच हवा फिरवणं बंद करणं.

पण घाट उतरून सावंतवाडीकडे आलात की खेळ उलटतो. बाहेरची हवा उबदार आणि बाष्पाने गच्च. आत तासभर चाललेला एसी आणि काचेवर थेट सोडलेला थंड झोत. आता काचेची बाहेरची बाजू इतकी गार होते की दव बाहेरून बसतं. डबा आज्ञाधारकपणे ‘काच पूस’ पुन्हा करेल, काच आणखी गार होईल, धुकं आणखी दाट. इथे वायपर एकदा फिरवायचा आणि वारा काचेवरून काढून घ्यायचा. दव कुठल्या बाजूला आहे हे बोट लावून कळतं. मायक्रोफोनला कधीच कळणार नाही. त्यासाठी वेगळे दोन हुकूम ठेवावेत, ‘आतून पूस’ आणि ‘काच सोड’, आणि निवड माणसाकडे राहू द्यावी.

या खटाटोपाची गरज आहे का, असं कुणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असं आहे. जुन्या गाडीची फिरकी न बघता, चाचपून फिरवता येते. नजर रस्त्यावरून हलत नाही. नजर हटवायची वेळ आणली ती नव्या गाड्यांच्या सपाट पडद्यांनी, आणि आवाजाचं तंत्र हा त्या पडद्यांवरचा एक उतारा. शिवाय बोलणंही फुकट नसतं. यूटा विद्यापीठातले डेव्हिड स्ट्रेअर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एएए फाउंडेशनसाठी गाड्यांमधल्या बोलक्या यंत्रणा तपासल्या. २०१५ साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत, काही यंत्रणांशी बोलणं संपल्यावरही चालकाचं लक्ष पूर्ण परतायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागत होता. ताशी ६० किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी ४५० मीटर गेलेली असते. यातून घरगुती डब्यासाठी एक नियम निघतो: त्याने उलट बोलू नये. ‘तुम्हाला वारा वाढवायचा आहे का?’ असं विचारणारी गाडी नको. रिलेचा ‘टक्’ हेच उत्तर.

तरीही ज्यांचा खांदा आखडलेला आहे त्यांच्यासाठी, मागच्या सीटवरून फिरकीपर्यंत हात न पोचणाऱ्या आजीसाठी हा डबा खरा कामाचा आहे. आणि कुतूहल हेही कारण पुरेसं आहे.

एक मोह मात्र टाळावा. डब्याला तापमापक लावून ‘चोवीस अंश ठेव’ म्हणावं असं वाटतं. कॅडिलॅकने १९६४च्या मॉडेलांत तशी यंत्रणा आणलीच होती. आकडा लावा, बाकी यंत्र बघेल. पण माणसाला हवेचा आकडा जाणवत नाही. डेन्मार्कच्या पोव्ह्ल ओले फँगर यांनी १९७० साली सुखाचं गणित मांडलं त्यात सहा घटक होते: हवेचं तापमान, आसपासच्या पृष्ठभागांची धग, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, अंगावरचे कपडे आणि शरीर करत असलेलं काम. त्यांच्याच समीकरणानुसार सगळं आदर्श जुळलं तरी शंभरातली पाच माणसं नाराज राहतात. गाडीत तर दुपारचं ऊन एकाच्याच मांडीवर येतं.

त्यामुळे डब्याला एव्हाना नेमकं कळलेलं असतं की ‘एसी लाव’ उजवीकडून आलं आणि लगेच ‘एसी बंद’ डावीकडून. दिशा वेगळ्या, आवाज वेगळे, दोघंही खरं बोलताहेत. पण डॅशबोर्डच्या पोटात कूलिंग कॉइल एक आणि ब्लोअर एक. अशा वेळी शेवटचा हुकूम चालतो, आणि ज्याला तो पटला नाही त्याने आपल्या समोरची वाऱ्याची जाळी हाताने फिरवून बंद करावी. तिला वायर नाही, केबलही नाही.